तिप्पण्णाला नारळ दिला

सीमाभागातल्या भालकीच्या ट्रान्सपोर्ट लाइनीत 'नारळ दिला' म्हटलं की शेंबड्या पोरालाही कळतं, माणसाला कामावरून काढलं. कसला नारळ, कुठल्या देवाचा, असं कुणी विचारत नाही. आणि शरणप्पांच्या ऑफिसात तर ही नुसती बोलायची गोष्ट नव्हती, रीतच होती. शरणप्पांना सगळे अप्पा म्हणत. अप्पांनी पस्तीस वर्षं ट्रकचा धंदा केला आणि तेवढ्या काळात ड्रायव्हरला शाल-नारळ दिला तो मोजून तीनदा. तिन्ही वेळा त्या ड्रायव्हरचा तो शेवटचा दिवस होता. थकल्या माणसाला रिकाम्या हातानं घरी पाठवू नये, एवढंच अप्पांच्या मनात. पण ड्रायव्हर लोकांच्या जिभेला हाड कुठलं? ते म्हणायचे, अप्पाचा नारळ आणि यमाचा रेडा, समोर आला की निघायचं.

तिप्पण्णाला हे सगळं पाठ होतं. अप्पांच्या पोराला, शिवराजला, यातलं काडीचंही ठाऊक नव्हतं. घोळ झाला तो इथंच.

तिप्पण्णा मंठाळचा. छप्पन्न वर्षांचा, त्यातली एकतीस अप्पांच्या गाडीवर गेलेली. कलबुर्गीत तूरडाळ भरायची आणि नागपूर म्हणा, चेन्नई म्हणा, सांगितलेल्या दिवशी उतरवायची. एकतीस वर्षांत त्याच्या ताडपत्रीखालचं एक पोतं भिजलं नाही. बोलायला तिखट होता, कुणाचं ऐकून घ्यायचा नाही, पण माल पोचला की अप्पांना फोनवर एवढंच सांगायचा, "पोचलं बगा." अप्पा तिकडून विचारायचे, "जेवलास का?" संपलं बोलणं. एवढ्यावर दोघांचं एकतीस वर्षं निभलं.

अप्पा वारले आणि शिवराज बेंगळूरहून आला. चौथीपासून म्हैसूरच्या हॉस्टेलात वाढलेलं पोर. दसऱ्यालासुद्धा तिकडंच. मराठी त्याला कळायची, पण पाहुण्यासारखी, बैठकीच्या खोलीपुरती. मन मात्र सोन्याचं, हे कुणीही कबूल करील. त्याच्या हाताखाली पहिल्याच वर्षी सहा ड्रायव्हर सोडून गेले आणि दोन गाड्या शेडमध्ये उभ्या राहिल्या. तेव्हा तो हैदराबादला दोन दिवसांच्या शिबिराला जाऊन आला. तिथं त्याला कुणीतरी सांगितलं, ड्रायव्हर नुसत्या पगारावर टिकत नाही, त्याला मान लागतो. आता हे सांगायला हैदराबाद कशाला पाहिजे? पण पोरानं मनावर घेतलं. यार्डात ड्रायव्हरांसाठी खाटा आल्या, पंखे आले, संडास-बाथरूम आलं. आणि ड्रायव्हरांना 'पायलट' म्हणायचं असा हुकूम निघाला. त्यावर ड्रायव्हर आठवडाभर एकमेकांना "काय पायलटसाब, इमान कुठं उतरवलं?" म्हणून हसत होते.

मग शिवराजनं ठरवलं, दर वर्षी सगळ्यांत चांगल्या ड्रायव्हरचा सत्कार करायचा. पहिला मान तिप्पण्णाचा. त्यात वावगं काय होतं? काहीच नाही. पण तिप्पण्णाच्या पोटात एक गोष्ट होती आणि ती कुणालाच माहीत नव्हती.

गेल्या दसऱ्यापासून त्याचा डावा डोळा दगा द्यायला लागला होता. आधी कडेला धुकं यायचं, मग ती कडच नाहीशी झाली. दुखणं नाही, लाली नाही, त्यामुळं लपवायला सोपं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मान जरा जास्त वळवायची, आरसा दोनदा बघायचा आणि शेजारी कुणी बसलं असेल तर "ती म्हैस कुणाची रं?" असं विचारून त्याला डावीकडचं बोलतं ठेवायचं. असं तीन महिने चाललं. मग हुमनाबादच्या अलीकडं एके सकाळी, चांगल्या लख्ख उजेडात, एक बाई डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन डाव्या कडेनं चालली होती. तिप्पण्णाला ती दिसलीच नाही. गाडीत बसून आलेला हमाल ओरडला म्हणून त्यानं स्टिअरिंग ओढलं. पेंढी आरशाला घासून गेली. बाईनं मागून त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि त्या शिव्या ऐकून तिप्पण्णाला बरं वाटलं, कारण शिव्या देणारं माणूस जिवंत असतं. पुढं चहाला थांबल्यावर आरशात अडकलेलं कडब्याचं पान त्यानं काढलं आणि फेकून दिलं. हमालाला म्हणाला, झोप लागली जरा. त्या दिवसापासून त्याला खात्री होती की कधीतरी ऑफिसात कळणार आणि आपल्याला काढणार. गाडी सुटली तर आपण कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. मंठाळात त्याला ओळखणारी माणसंसुद्धा 'ड्रायव्हर तिप्पण्णा' म्हणूनच ओळखायची.

शिवरात्रीच्या आधी सत्कार झाला. यार्डात मांडव, माइक, अठरा ड्रायव्हर खुर्च्यांवर. तिप्पण्णा नुकताच कलबुर्गीहून आलेला, त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं, कारण शिवराजला त्याला चकित करायचं होतं. आणि केलं की. त्याला पुढं बोलावलं, अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला. तिप्पण्णाला अप्पांचे तीन नारळ आठवले.

मग शिवराज बोलला, थोडं कन्नड, थोडं मराठी. म्हणाला, "तिप्पण्णाकाकांनी एकतीस वर्षं आमच्यासाठी गाडी ओढली. आता त्यांनी घरी निवांत बसायचं. ऑफिसातून कुणीही त्यांना फोन करायचा नाही, माझी ताकीद आहे." मागून सिद्धेश्वर या ड्रायव्हरनं, जो टिंगल केल्याशिवाय पाणी पीत नाही, हळूच म्हटलं, "बसा, अण्णाला नारळ दिला." चार जण हसले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. तिप्पण्णाला वाटलं, हमाल बोलला. यांना डोळ्याचं कळलं.

आता खरी गोष्ट काय होती, ती सांगून टाकतो. बक्षीस होतं आठ दिवसांच्या पगारी सुट्टीचं, आणि सुट्टीत कुणी फोन करून छळू नये म्हणून ती ताकीद. हे सगळं एका इंग्रजी कागदावर छापून काचेच्या फ्रेममध्ये घातलं होतं. ऑफिसातली नेत्रावती तो कागद सोप्या कन्नडात वाचून दाखवणार होती. पण ती उभी राहिली आणि लाइट गेली. माइक बंद पडला, कुणीतरी जनरेटरकडं पळालं, गलका झाला, आणि तिनं फ्रेम तशीच तिप्पण्णाच्या हातात दिली. ड्रायव्हरांना वाटलं, असेल काहीतरी मानपत्र. एवढ्याशा गोष्टीनं केवढं झालं.

तरी तिप्पण्णानं एक करून बघितलं. खंडेनवमीला अप्पांची रीत अशी, की ड्रायव्हरनं किल्ली ताटात ठेवायची, अप्पा तिला कुंकू लावायचे आणि परत ड्रायव्हरच्या हातात द्यायचे. म्हणजे आणखी एक वर्ष गाडी तुझी. पुढं टेबलावर सत्काराचं ताट होतं, कुंकू होतं. तिप्पण्णानं खिशातून किल्ली काढली आणि ताटात ठेवली. परत दिली तर आपण आहोत, नाही दिली तर नाही, एवढाच त्याचा हिशेब. शिवराजनं किल्लीकडं बघितलं. त्याला वाटलं, केवढा शिस्तीचा माणूस, सुट्टीवर जाताना गाडी ताब्यात देऊन जातो. त्यानं कौतुकानं मान हलवली, किल्ली उचलली आणि सिद्धेश्वरच्या हातात दिली.

संपलं. तिप्पण्णानं कुणाला एक शब्द विचारला नाही. विचारावं की नाही माणसानं? एकतीस वर्षं राबलास, "कामून काढलं मला" एवढं विचारायला काय जीभ झडली असती? पण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि त्या उत्तराचीच त्याला भीती होती. शाल, नारळ, फ्रेम पिशवीत कोंबून त्यानं बस धरली.

घरी गुरुबाईनं नारळ बघितला आणि ती खाली बसली. ड्रायव्हरची बायको ती, तिला निराळं सांगावं लागलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "कामून?" तो म्हणाला, वय झालं म्हणं. नारळ तिनं देवापुढं ठेवला. फ्रेम त्यानं कणगीमागं, भिंतीकडं तोंड करून ठेवली.

मग सुरू झाले दिवस. एरवी त्याचा फोन दिवसभर वाजायचा. नेत्रावती तासातासाला विचारायची, अण्णा, कुठं हाव? आणि तो म्हणायचा, तुझ्या त्या जीपीएसला विचार की. आता फोन उशाशी पडलेला आणि गप्प. दुसऱ्या दिवशी त्यानं गुरुबाईच्या फोनवरून आपल्याच फोनला रिंग दिली. वाजला. म्हणजे फोन बरा होता. चौथ्या दिवशी त्यानं पुन्हा तसंच केलं. गुरुबाईनं ते बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. एकतीस वर्षांनी आपण गेल्याचं एकालाही जाणवू नये, ह्यानं माणूस आतून खचतो. तो अंगणात बाजेवर बसून राहायचा आणि रस्त्यावरून ट्रक गेला की आवाजावरून कोणता गिअर पडला ते पुटपुटायचा.

महिन्याला दोन दिवस घरी येणाऱ्या नवऱ्याचं जे दिसलं नव्हतं, ते सलग पाच दिवसांत गुरुबाईला दिसलं. जेवताना डाव्या हाताला ठेवलेला पाण्याचा तांब्या त्यानं तीनदा लवंडला. तिसऱ्यांदा तिनं पाणी पुसलं नाही. ती त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि भाकरीचा तुकडा त्याच्या कानापाशी धरून हलवला. तो समोर बघत जेवत राहिला.

"मी कुठं हाव?" तिनं विचारलं.

तो दचकून वळला. मग त्यानं सगळं सांगितलं, हुमनाबादच्या बाईसकट. सांगताना त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, दोन्ही डोळ्यांतून सारखंच. गुरुबाई आधी रागानं लाल झाली. ती म्हणाली, "मी बी रोज वैरणीचं वझं घिऊन अशीच रस्त्याच्या कडंनं येते की वो." मग ती त्याच्याशेजारी बसली आणि बराच वेळ तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

सातव्या दिवशी ती त्याला उदगीरला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. वाटेत बस भालकीत ऑफिसावरून गेली. ऑफिस डाव्या हाताला होतं, त्यामुळं त्याला तोंड फिरवायचीही गरज पडली नाही. डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू. डावा गेला तो गेला. उजवा औषधाच्या थेंबांवर टिकेल, पण मोठी गाडी चालवायची नाही, आज नाही आणि कधीच नाही. तसं कागदावर लिहून दिलं.

परत येताना तिप्पण्णानं कागदाची घडी करून खिशात घातली. मग म्हणाला, "बरं झालं त्येंनी आधीच नारळ दिला. माझ्यानं आपणहून सुटलं नसतं." ते खरंच होतं. निर्णय दुसऱ्यानं घेतला की दुःख सोसायला जरा सोपं जातं. त्या दिवशी तो पहिल्यांदा पोटभर जेवला.

आणि नवव्या दिवशी सकाळी गाडी आली. अंगणातून दिसायच्या आधी तिप्पण्णानं हॉर्न ओळखला, कारण तो त्यानंच बसवला होता. धुऊन पुसून लख्ख केलेली त्याची दहा चाकी घरासमोर उभी राहिली. सिद्धेश्वर चालवत होता आणि शेजारच्या सीटवरून खुद्द शिवराज उतरला. घरी कुणी मालक येतो का? तिप्पण्णा बाजेवरून उठला, टोपी शोधायला लागला.

"काका, सुट्टी कालच संपली," शिवराज हसत म्हणाला. "तुम्ही आला नाही, म्हणून आम्हीच आलो न्यायला."

"कसली सुट्टी, मालक?"

मग फ्रेम बाहेर निघाली. कणगीमागची धूळ शिवराजनं स्वतःच्या रुमालानं पुसली आणि कागद वाचून मराठीत सांगितला, अडखळत, शब्द शोधत. आठ दिवसांची सुट्टी. कुणी त्रास देऊ नये. शेवटी एक ओळ होती, की तिप्पण्णा आमच्याकडं आहेत म्हणून नवे लोक आमच्याकडं टिकतात. ती ओळ त्यानं दोनदा वाचली. तिप्पण्णा म्हणाला, "मला वाटलं, मला नारळ दिला." शिवराज म्हणाला, दिलाच की. तेव्हा सिद्धेश्वरनं, डोळे खाली घालून, त्याला त्या दोन शब्दांचा अर्थ सांगितला. अप्पांच्या तीन नारळांचंही सांगितलं आणि ताटातल्या किल्लीचंही. करायला गेला गणपती अन् झाला मारुती. शिवराज वाकला आणि त्यानं सगळ्यांदेखत तिप्पण्णाच्या पायाला हात लावला.

मग त्यानंच ताट मागितलं. गुरुबाईनं कुंकू आणून दिलं. शिवराजनं किल्ली ताटात ठेवली, तिला कुंकू लावलं आणि दोन्ही हातांनी तिप्पण्णाला दिली. "गाडी तुमची वाट बघायलीय, काका," तो म्हणाला. बोलणं जरा आमच्यासारखं वळवायचा प्रयत्न होता तो.

तिप्पण्णाला एवढा आनंद लग्नातसुद्धा झाला नसेल. आपण हवे आहोत. आठ दिवस ज्याच्यासाठी फोन वाजवून बघितला, ते अंगणात चालत आलं होतं. डॉक्टरचा कागद देवाच्या फोटोमागं होता आणि तो फक्त नवरा-बायकोला माहीत होता. उजवा डोळा तर ठणठणीत होता. एक वर्ष. नाहीतर सहा महिने. त्यानं गुरुबाईकडं बघितलं नाही. चढला, सीटवर बसला, किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. पायाखालची ती थरथर त्याच्या छातीपर्यंत आली आणि त्याला वाटलं, आपण मेलो नव्हतो तर.

खाली उजवीकडं शिवराज आणि सिद्धेश्वर उभे होते. गुरुबाई दिसेना.

"गुरुबाई कुठं गेली?" त्यानं खिडकीतून विचारलं. शिवराजनं गाडीच्या पलीकडं बोट केलं. तिप्पण्णानं मान वळवली, सगळी, खांद्यापर्यंत. ती डाव्या बाजूला, पुढच्या चाकाला लागून, रस्त्याच्या कडेला उभी होती. डोक्यावर काही नव्हतं, हात मोकळे होते. ती तिथं केव्हापासून उभी होती, हे त्याला सांगता आलं नसतं.

तिप्पण्णानं इंजिन बंद केलं. मग उतरला आणि किल्ली सिद्धेश्वरच्या हातात दिली. घरात जाऊन दोन गोष्टी आणल्या, डॉक्टरचा कागद आणि देवापुढचा नारळ. कागद शिवराजला वाचायला दिला. त्यानं वाचला. ऑफिसात या म्हणाला, नव्या ड्रायव्हरांना शिकवा म्हणाला, खुर्ची ठेवतो म्हणाला. तिप्पण्णा म्हणाला, बघू, सांगतो नंतर. मग त्यानं नारळ शिवराजच्या हातात ठेवला.

"मालक, त्या दिवशीचा खोटा होता," तो म्हणाला. "आता खरा द्या."

शिवराजचे हात हलेनात. सिद्धेश्वर, तो टिंगलखोर, तोंड फिरवून उभा राहिला. शेवटी तिप्पण्णानंच आपली ओंजळ त्याच्या हाताखाली धरली, तेव्हा शिवराजनं नारळ सोडला. मग त्याला एकदम काही सुचलं असावं. त्यानं विचारलं, "काका, जेवलात का?" हे त्याला कुणी शिकवलं होतं, की बापाच्या रक्तातून आलं, देव जाणे. तिप्पण्णानं नुसती मान हलवली.

सिद्धेश्वरनं गाडी वळवली. तिप्पण्णा नारळ छातीशी धरून घाईघाईनं रस्ता ओलांडून पलीकडं गेला. गाडी जाताना उजव्या हाताला राहावी म्हणून. तिथून ती त्याला बसवकल्याणच्या वळणापर्यंत दिसली, पुरी दिसली. मग तो गिअरचा आवाज ऐकत उभा राहिला.